बदल कळवणारी अन्सामावशी

वर्षातून एकदा आमच्या डोणगावात आठ दिवस असे येतात, की साठीपुढच्या बायांनी भांड्याला हात लावायचा नसतो. हा सण नाही, व्रत नाही, हा अन्सामावशीचा हुकूम आहे. सरकारच्या निराधार योजनेचा महिन्याचा पगार घेणाऱ्यांना दरसाल हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे मशीनवर अंगठा ठेवून आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. आणि जन्मभर राखेनं भांडी घासलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेघा शिल्लकच नसतात. मशीन लाल दिवा दाखवतं आणि समोर चांगली धडधाकट बाई नाक पुसत बसलेली असते. म्हणून मावशीनं ही बंदी घातली. आठ दिवस भांडी नाही, धुणं नाही, सारवण नाही. झोपताना अंगठ्याला खोबरेल आणि सकाळी तपासणी.

तपासणीला ती स्वतः दारोदार फिरते. बाईचा अंगठा उन्हात धरते, एक डोळा मिटते आणि निकाल देते, "उगवून राह्यल्या रेघा. अजून दोन रोज." त्या आठ दिवसांत सासवा खूश असतात आणि सुना भांडी आपटत असतात. आमच्या गल्लीतल्या एका सासूच्या रेघा तर दीड महिना उगवल्याच नाहीत. शेवटी तिची सून माझ्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, सासूच्या जागी माहा अंगठा चालते का पाहा ना एकडाव."

माझं बसस्टँडजवळ ऑनलाईनचं दुकान आहे. अर्ज, दाखले, झेरॉक्स, रेल्वेचं तिकीट. नाव गजानन, पण मावशीसाठी मी गजू. माझं दुकान हे सरकारचंच एक खातं असून त्याची साहेब आपण आहोत, अशी तिची पक्की समजूत आहे. आल्या आल्या ती आधी रांग सरळ करते, मग पंखा कोणावर फिरतोय ते बघते, आणि मग मला विचारते, "चहा प्याला का?" पाजत मात्र कधी नाही.

मावशी एकसष्ट वर्षांची. नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली. एकच मुलगी, ती मलकापूरला दिलेली. मावशीला स्वतःला विधवा म्हणून निराधारचा पगार आहे. सातवी शिकलेली बाई, पण योजनेचे नियम तिनं माझ्याकडून छापून घेतले, वर प्लास्टिक चढवून घेतलं आणि तो कागद कायम पिशवीत बाळगते. कुठल्याही गोष्टीवर तिचा एकच प्रश्न, "कायद्यात बसते का?" भाजीवाल्यानं मेथीची जुडी बारीक बांधली तरी हेच. माझ्या लग्नात बँडवाले अर्धा तास उशिरा आले, तर नवरदेवाला बाजूला सारून ती त्यांना हेच विचारत होती.

तालुक्याच्या ऑफिसात तिचा दरारा होता. एकदा तिथल्या बाबूनं तिचा अर्ज परत केला. "होत नाही, उद्या या," म्हणाला. मावशीनं पिशवीतून सतरंजी काढली, त्याच्या टेबलासमोर अंथरली, डबा सोडला. "तुम्ही नाही म्हना, माही हरकत नाही," ती भाकरी मोडत म्हणाली, "पन कागदावर म्हना. काऊन नाही, ते लिहून घ्यायचा हक्क हाय माहा." बाबूनं चिडून पाच मिनिटांत लिहून दिलं. कारण होतं, अर्जावर सहीच नव्हती. मावशीनं वाचलं, उलटून पाहिलं, आणि सगळ्यांदेखत हात जोडले. "चूक माही. तुमचं बरोबर हाय साहेब." मग सही केली आणि त्या बाबूला ठेच्याचा घास खायला लावला. तो बिचारा दिवसभर पाणी पीत होता म्हणे.

हक्कासाठी भांडणारी माणसं गावोगाव असतात हो. मावशीची तऱ्हा ही, की ती दुसऱ्या बाजूनंही तितकीच भांडायची. पगार घेणाऱ्याच्या घरी काही बदल झाला की तो कळवायचा, असं तिच्या कागदात खाली लिहिलेलं आहे. गावात एक आजी वारल्या. तेरवीच्या पंगतीत मावशी जेवायला बसली. आजींचा मुलगा बुंदी वाढत आला, तसं हिनं पत्रावळीवर हात आडवा धरला. "कळवलं का?"

"काय मावशी?"

"माय गेली म्हनून ऑफिसात कळवलं का? तिचा पगार येऊन राह्यला खात्यात."

सगळी पंगत बुंदी चावायची थांबली. मुलगा लाल झाला. "जेवू तर दे मावशी लोकायले!"

"जेवू दे ना. वाढ बुंदी. मंग चाल माह्यासंगं." आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं खरंच घेऊन गेली.

अशी ही बाई मनोहर टेलरच्या मागे लागली, तेव्हा मला टेलरची दया आली. मनोहर टेलर म्हणजे बाजारलाईनीतला सदुसष्ट वर्षांचा गरीब स्वभावाचा माणूस. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. पासष्टीपुढच्यांना मिळणारा श्रावणबाळ योजनेचा पगार आणि थोडीफार शिलाई, यावर चाललेलं. सुई, कात्री आणि इस्त्री यांनी त्याच्या बोटांच्या रेघा पार साफ केलेल्या. तीनदा मशीननं नाकारलं आणि पगार थांबला. तो निमूट घरी गेला. मावशीला कळलं तशी ती तडक त्याच्या दुकानात. "टेलर, आठ दिवस मशीन बंद."

"बाई, मंग खाऊ काय?"

"डबा मी पाठोतो. बोटं दाखवा."

रोज संध्याकाळी तपासणी. एकदा तो शाळेच्या सदऱ्याला बटण लावताना सापडला, तर एवढं भांडण झालं की पानठेल्यावरची माणसं बघायला गेली. आठाचे पंधरा दिवस झाले, तरी रेघा काही उगवल्या नाहीत. मग मावशीनं तिचा तो कागद काढला, माझं डोकं खाल्लं, दोनदा तालुक्याला गेली आणि शोधून काढलं की अंगठा उमटत नसेल तर डोळ्यांवरून ओळख पटवता येते. तेही नाही झालं तर साहेबासमोर प्रत्यक्ष हजर राहता येतं. टेलरच्या डोळ्यांनी एका झटक्यात काम केलं. पगार सुरू झाला.

काम संपलं, पण मावशीचं संध्याकाळचं जाणं संपलं नाही. मी इतका गाढव, की मला त्यात काही दिसलंच नाही. अलीकडे मावशीची पोलकी अंगावर फार नीट बसतात, एवढं माझी बायको म्हणाली होती. मी म्हटलं, असेल.

मग गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मावशी दुकानात आली. रांग सरळ केली नाही, पंखा बघितला नाही. कोपऱ्यात बसून राहिली. सगळी गर्दी गेल्यावर म्हणाली, "गजू, एक अर्ज लिही. माहा पगार बंद करा म्हनून."

"काऊन मावशी? तब्येत बरी हाय ना?"

"बदल झाला." तिनं पदर नीट केला. "काल आम्ही लग्न केलं. मी अन् टेलरनं. तालुक्याले, रजिस्टर."

मी हसलो. खोटं कशाला बोलू, आधी हसलोच. मग तिचा चेहरा पाहिला आणि लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून रागावलो, "मले सांगितलं नाही ते! साक्षीदार कोण?"

"पोरगी अन् जावई आले मलकापूरहून. अन् टेलरचा शेजारी. तुह्या पोटात काही राहते का लेका? तसं महिनाभर लग्नाची नोटीस ऑफिसाच्या बोर्डावर लागली होती. गावातलं एक माणूस वाचत नाही. म्हनून सांगतो, वाचत जा."

मग मी शहाणपण शिकवलं. म्हटलं, मावशी, अर्ज नको करू. कोणी वाचलं नाही म्हणतेस ना, मग कोणाले कळते? तो पगार तुझा एकटीचा आधार आहे. टेलरची शिलाई आज आहे, उद्या नाही. एवढी वर्षं लोकांसाठी झिजलीस, तुझ्या एकटीकडे कोण बघायला येतंय?

मला वाटलं, आता कायदा निघणार. निघाला नाही. ती रस्त्याकडे बघत होती.

"मी तालुक्याले एवढी काऊन जायची, माहीत हाय?" ती म्हणाली. "लोकं म्हनत, मावशीले भांडायची हौस. हौस होतीच. पन घरी मले कोणी हाक मारनारं नव्हतं गजू. एकोनीस वर्सं. त्या ऑफिसात पुकारा व्हायचा. पूर्ण नाव घेऊन कोणी बोलवायचं. तेवढ्यासाठी पन मी दोन-दोन घंटे बसली."

एवढी वर्षं हिच्यावर गावभर हसलो होतो, आणि हे कधी मनातही आलं नव्हतं.

"अन् आता तू सांगून राह्यला, कळवू नोको. दरसाल कागदावर काय लिहून द्यावं लागते, मालूम हाय ना? मी विधवा हाव, दुसरं लग्न केलं नाही. पुढच्या साली तो मानूस घरी माह्यासाठी चहा ठेवून बसला असन, अन् मी इथं लिहून देऊ का, की मी विधवा हाव? त्याच्या जित्या जीवावर?" तिनं पदर डोळ्याला लावला. "पैसा लागते रे. भेव वाटते मले, नाही असं नाही. पन हे नाही होत माह्याच्यानं."

मी अर्ज टाईप करायला घेतला. मावशीनं डोळे पुसले आणि लगेच ताळ्यावर आली. "पासष्टी लागली की श्रावणबाळचा अर्ज भरायचा. उत्पन्न बसलं तर तो हक्क हाय माहा. तारीख लिहून ठेव तुह्या कॅलेंडरवर." मी लिहून ठेवली.

कारणाच्या रकान्यात मी 'पुनर्विवाह' असं लिहिलं आणि अर्ज छापला. तिला वाचता येतं, तरी म्हणाली, "वाचून दाखव." मी वाचला. "कारन पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. तिनं मान डोलावली, सही केली, तारीख घातली, पोच घ्यायची म्हणून दुसरी प्रत मागितली.

मनोहर टेलर बाहेर तासभर उन्हात उभा होता. आत यायला लाजत होता बिचारा. नवा सदरा, हातात पाण्याची बाटली. मावशी दारात गेली आणि साऱ्या बाजारलाईनीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"अहो! झालं काम. चाला घरी."