भाजीशी दोन शब्द

नवरा आपलं लिखाण वाचतो की नाही, हे बायकोने कधी तपासून पाहू नये. वाचत असेल, अशा गोड समजुतीत संसार बरा चालतो. माझाही चालला होता. पण टाळेबंदीत घरात बसून बसून माणसाला नको ते सुचतं.

मी आरोग्य केंद्रात आहार सल्लागार आहे. म्हणजे साथ येण्याआधी मी तिथल्या बाकांसमोर प्लास्टिकची केळी हातात धरून उभी राहायचे, आणि समोरची माणसं आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत माझ्याकडे बघितल्यासारखं करायची. साथ आली, बाकं रिकामी झाली, केळी कपाटात गेली, आणि डॉक्टर मॅडमनी मला सांगितलं, "आता घरूनच न्यूजलेटर काढा. दर आठवड्याला लोकांच्या मोबाइलवर गेलं पाहिजे. काय खावं, का खावं, सगळं सोप्या भाषेत."

मला आभाळ ठेंगणं झालं. (लहानपणापासून मला लेखिका व्हायचं होतं. ‘लोह आणि आपण’ हा विषय काही त्या स्वप्नात नव्हता, पण सुरुवात कुठून तरी करावीच लागते.)

पहिल्याच अंकात मी लिंबूपाण्यात चिमूटभरच्या जागी वाटीभर मीठ घातलं. घातलं आपलं मजकुरात, पण काही आज्ञाधारक वाचकांनी ते खरोखर पिऊन पाहिलं. मॅडमचा फोन आला.

"पुन्हा अशी चूक झाली तर न्यूजलेटर बंद. मग तुम्ही केंद्राच्या दारात उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळावर ती ताप मोजायची बंदूक धरायची. आणि हे बघा, पाठवण्याआधी घरात कुणाला तरी वाचायला देत जा."

घरात कुणी म्हणजे नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना दिलं असतं तर त्यांनी मजकूर बाजूला ठेवून मलाच तपासलं असतं, म्हणून मी नवरा निवडला.

नवरा विम्याच्या ऑफिसात आहे. त्याचं ऑफिस तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर भरायचं. मी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवायचे, तो एक नजर टाकायचा आणि कानातला हेडफोन न काढता म्हणायचा, "छान झालंय. पाठव." मी अर्धा दिवस डोकं घालून लिहायचे आणि हा माणूस एका शिंकेच्या वेळात ते वाचून मोकळा!

म्हटलं, एकदा याला रंगेहाथ पकडायचंच. पुढच्या अंकात पालेभाज्यांतल्या लोहाखाली मी गुपचूप दोन वाक्यं घुसडली. ‘भाजी चिरण्याआधी तिच्याशी दोन शब्द प्रेमाने बोलावेत. त्यामुळे तिच्यातली जीवनसत्त्वं टिकून राहतात.’

लॅपटॉप सरकवला. एक शिंक झाली.

"छान झालंय. पाठव."

"सगळं वाचलंस?"

"अगं, अक्षर न् अक्षर."

"मग काय आवडलं?"

त्याने हेडफोन काढला. (संकटाची चाहूल त्याला कानातूनच लागते.) "म्हणजे… ओघ. ओघ छान आहे."

"कशाचा ओघ?"

"विषयाचा."

"विषय काय आहे?"

"आहार," तो सावधपणे म्हणाला.

मी त्या वाक्यांवर बोट ठेवलं. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग अगदी निरागस चेहऱ्याने विचारलं, "यात काही चुकलंय का?"

"तू मला विचारतोयस?"

"मग कुणाला विचारू? आपल्याकडे आहाराचं तू बघतेस."

त्यानंतर मी जे बोलले ते न्यूजलेटरमध्ये छापण्यासारखं नव्हतं. शेवटी, "आता तूच काय ते बघ आणि तूच पाठव! तुझ्यापुढे हात जोडायचेच राहिलेत," असं म्हणून मी धुतलेल्या कपड्यांची बादली उचलली आणि गच्चीत गेले. तिथे बराच वेळ मी त्याचे शर्ट त्याच्याऐवजी झटकत होते.

खाली आले तर स्वारी खुशीत. "पाठवून टाकलं गं. म्हटलं, तेवढाच आपला हातभार."

मी विरघळले. एवढा तमाशा झाल्यावर ती वाक्यं कुणीही काढली असती, नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "गारठलास का रे राजा? ये, जरा मोकळा बस. कुणी बोलत नाही ना तुझ्याशी?" हा आवाज त्या फक्त नणंदेच्या मुलासाठी राखून ठेवतात, म्हणून मला वाटलं, त्याचाच फोन असणार. डोकावले तर सासूबाईंच्या मांडीवर कोबी. शेजारी सुरी.

"आई, हे काय चाललंय?"

"तूच लिहिलंयस ना? झाले बघ दोन शब्द. आता चिरते."

म्हणजे ती वाक्यं तशीच गेली होती! तरीही तोंडातून आधी निघालं ते, "तुम्ही माझं न्यूजलेटर वाचता?"

"पहिल्यापासून. ते मिठाचंही मला दिसलं होतं. पण म्हटलं, सुनेचं नोकरीचं काम, आपण मध्ये बोलू नये."

(म्हणजे मी घरातला चुकीचा वाचक निवडला होता.)

मी धावत टेबलाकडे गेले. "ती वाक्यं तू काढली नाहीस?"

"काढायची होती?" नवरा दचकला. "अगं, तू एवढी तावातावाने दाखवलीस, मला वाटलं महत्त्वाची आहेत. मी ती ठळक केली!"

तोवर माझा मोबाइल थरथरायला लागला होता. आजवर माझ्या न्यूजलेटरला उत्तर म्हणून फक्त एकदा एक अंगठा आला होता, तोही बहुधा चुकून दाबला गेलेला. आणि आता प्रश्नांचा पाऊस. पालकाच्या जुडीशी एकदमच बोललं तर चालेल, की पानापानाशी वेगळं बोलायचं? फ्रीझरमधल्या वाटाण्यांना ऐकू येतं का? एका शिक्षिकेचं गाजराशी इतकं जमलं होतं की आता ते तिला कापवेना; दुसरं, कमी ओळखीचं गाजर मागवू का, असं ती विचारत होती. एक बाई नुसत्या संतापल्या होत्या. ‘आमचे हे दुधीशी गोड गोड बोलतात. माझ्यात जीवनसत्त्वं नाहीत का?’

आणि दुपारी एक निरोप आला, निवृत्त पोस्टमास्तरांचा. ‘मी एकटाच असतो. आज भोपळ्याशी बोललो. आधी संकोच वाटला, मग विषय वाढत गेला. जेवायची वेळ टळून गेली, भोपळा अजून चिरलेला नाही. साधारण किती बोलावं, याचं काही प्रमाण आहे का?’

मी तो निरोप नवऱ्यापुढे धरला. मला त्याला लाजवायचं होतं. त्याने तो शेवटपर्यंत वाचला. (माझ्या देखत शेवटपर्यंत वाचलेला हा त्याचा पहिला मजकूर.) मग नंबर लावला आणि म्हणाला, "नमस्कार मास्तर. न्यूजलेटरवाल्या बाईंचा नवरा बोलतोय. काय म्हणतोय भोपळा?" आणि उठून खिडकीपाशी गेला. दुपारचं ऊन भिंतीवरून उतरून गेलं तरी तो तिथेच उभा होता. अधूनमधून हसत होता. बोलत जवळजवळ नव्हताच.

तेवढ्यात मॅडमचा फोन आलाच.

"जीवनसत्त्वं टिकतात याला आधार काय?"

"काहीच नाही, मॅडम. मी नवऱ्याला पकडत होते." आणि मी सगळं खरं सांगून टाकलं.

मॅडम थंड आवाजात म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत दुरुस्ती पाठवा. उद्या मोठ्या साहेबांबरोबर मीटिंग आहे. न्यूजलेटरचं काय करायचं ते तेच ठरवतील."

मी दुरुस्ती लिहायला बसले. ‘भाज्यांना ऐकू येत नाही.’ नवरा आता शेजारी खुर्ची ओढून प्रत्येक शब्द वाचत होता.

"असं तोंडावर कशाला म्हणायचं? वाईट वाटेल."

"कुणाला, भाज्यांना?"

"मास्तरांना गं."

मी ते खोडलं. सासूबाई म्हणाल्या, "चूक झाली ती झाली, सरळ लिहून टाक." मग मी सरळच लिहिलं. ‘भाजीशी बोलल्याने तिची जीवनसत्त्वं टिकत नाहीत. ती झाकण ठेवून, फार न उकळता शिजवावी. चूक माझी आहे, माफ करा. पण कुणाशी बोलावंसं वाटत असेल, तर संध्याकाळी खालच्या नंबरवर फोन करा. आमच्या घरात एक माणूस आहे. तो वाचत नाही, पण ऐकतो छान.’ सासूबाईंनी वाचून मान डोलावली, मगच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगसाठी मी चांगला कुडता घातला. (खाली घरातलाच पायजमा. बंदूकच धरायची असेल तर इस्त्री कशाला मोडा?) पडद्यावर मॅडम, आणि त्यांच्याशेजारच्या चौकोनात साहेबांचं कपाळ. साहेबांना कॅमेरा जमत नव्हता.

कपाळ बोलायला लागलं. "तुमचं न्यूजलेटर मी पाहिलं. माझ्या आईने पाठवलं मला. कालपासून ती तुमच्या मिस्टरांशी दोनदा बोलली."

मी श्वास रोखून बसले.

"उत्तम उपक्रम आहे. चालू ठेवा."

मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला. मी तर सोडायचंच विसरले. शेवटी माझ्या लेखणीचं चीज झालं! डोळ्यांत पाणी आलं. आभाराची चार वाक्यं मनात जुळवतच होते, तेवढ्यात साहेब म्हणाले, "फक्त एक सूचना. रागावू नका."

"नाही, नाही, सांगा ना साहेब."

"ते लोह, प्रथिनं वगैरे जे काही असतं, ते जरा मध्ये मध्ये येतं. तेवढं काढता येईल का?"

"साहेब," मी कशीबशी म्हणाले, "ते पोषणाचं न्यूजलेटर आहे."

"हो का?" कपाळावर आठी पडली, आणि मग हळूहळू उलगडली. "तरीच! मी म्हणतोय, यात एवढ्या भाज्या कशा!"