आर्णीतून मोजलेला समुद्र

दर अमावास्येला आणि पौर्णिमेला आमचे शेजारी गुलाबराव ढोकणे सकाळीच अंघोळ उरकतात, इस्त्रीचा सदरा चढवतात आणि कोकणातल्या एका किराणा दुकानदाराला फोन लावतात. "हं, भरतीचं पानी कुठवर आलं?"

आम्ही राहतो आर्णीला, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. इथलं पाणी म्हणजे अरुणावती नदीचं. समुद्र गुलाबरावांनी जन्मात पाहिलेला नाही. पण सगळी नोकरी मोजणीदार म्हणून जमिनी मोजण्यात गेली, त्यामुळे मोघम उत्तर त्यांना सोसत नाही.

"आलंय की काका, माडापासून चार पावलांवर," दुकानदार सांगतो.

"कोनाची पावलं? तुही का म्हशीची? नजरेनं नको सांगू बाप्पा, टेपनं सांग!"

शेवटी त्यांनी त्याला पोस्टानं टेपच पाठवला.

त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर त्या गावाचा हातभर नकाशा आहे. नेहमीच्या भरतीची निळी रेघ, उधाणाची पिवळी, आणि वादळात पाणी शिरेल तिथवर लाल; प्रत्येक रेघेवर त्यांच्या हातचे अंतराचे आकडे. विहीर खारट झाली की तिथे गोल. किनारा लाटांनी खाल्ला की तिथे करवतीचे दात. असे दात दरवर्षी वाढतात. नकाशा बदलला की त्याची एक प्रत दुकानदाराला जाते.

चहाच्या टपरीवर पोरं विचारतात, "काका, समुद्र बस स्टँडवर कधी पोचते?"

"तू समोसा खा," गुलाबराव म्हणतात. "आपन उंचावर आहो. खालच्यायची काळजी कोन करन?"

मी एकदा विचारलं, "पण एवढ्या किनाऱ्यावर हेच गाव काहून?"

"एक तं धड मोजू द्या, मास्तर," म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढत बसले.

गेल्या वर्षी टीव्हीवर चक्रीवादळाची बातमी आली. दुपारी गुलाबराव उलट्या चपला घालून माझ्याकडे आले. दुकानदार सकाळपासून फोन उचलत नव्हता. त्यांनी खिशातून घडी पडून झिजलेली चिठ्ठी काढली. "हा नंबर लावा. बोला तुम्हीच. मले जमनार नाई."

"कोणाचा आहे?"

"वैशालीचा. पोरगी माही."

पाच वर्षांच्या शेजारात त्यांना मुलगी आहे हे मला ठाऊक नव्हतं. तिनं कोकणातल्या एका होडीवाल्याशी आपल्या मनानं लग्न केलं होतं. गुलाबरावांनी त्या दिवशी दार लावलं, ते पुन्हा उघडलंच नाही. तिचं घर त्या किराणा दुकानासमोर होतं.

फोन लागला तसा मी स्पीकर चालू केला. मी आर्णीहून बोलतोय म्हटल्यावर पलीकडे क्षणभर नुसता वारा ऐकू आला. मग ती म्हणाली, "आम्ही सकाळीच टेकडीवरच्या शाळेत आलो. मी, हे, पोरगी, सगळे. दुकानदारही इथंच आहे, त्याचा फोन बंद पडला. त्यानंच नकाशा दाखवला. आमचं घर लाल रेघेच्या आत होतं."

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात?"

"सातच्या आकड्याले आडवी रेघ मारनारा मानूस मी एकच पाह्यला, सर. बाबा आहेत का तिथं?"

मी फोन त्यांच्यापुढे धरला. गुलाबराव भिंतीला हात टेकून उभे होते. दोनदा खाकरले.

"घर?"

"ओट्याले पानी लागलं, बाबा. पाहाले गेलते हे."

"कितीक?" त्यांच्या तोंडून गेलं. मग त्यांनी स्वतःच हात हलवून तो प्रश्न पुसून टाकला. टेपचा हट्ट धरणारा हा माणूस पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबला नाही.

ते फोनजवळ सरकले. मग त्यांनी हळूच विचारलं, "पोरीले पोहता येते का?"

"येते." ती रडत होती की हसत होती, कळेना. "मासोळीसारखी पोहते. तुम्हाले येते का?"

"नाई," गुलाबराव म्हणाले. "वादळ सरलं का येतो. तिले म्हन, शिकव मले."