गाढवाचा पुरावा

"गाढव? दोन दिवसांत उडवतो!" चिठ्ठीमास्तर छाती फुगवून म्हणाला. शब्दकोशाच्या कचेरीत चार वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या नोंदी तपासून डोळे फोडले होते. ही त्याची पहिली स्वतःची नोंद. जमली तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेर घरी!

शब्दाचं मूळ तासाभरात हाती आलं. संस्कृतातला गर्दभ प्राकृतातून घरंगळत आपल्याकडे आला आणि गाढव झाला. पण कचेरीचा नियम कडक. प्रत्येक अर्थाला पुरावा हवा. कोणीतरी खरोखर बोललेलं वाक्य, बोलणारा कोण, कोणाबद्दल, कधी, सगळं चिठ्ठीवर!

दुसऱ्या अर्थाच्या, म्हणजे मूर्ख माणसाच्या, चिठ्ठ्या न बोलावलेल्या पाहुण्यांसारख्या लोटल्या. बायको ओरडली, "गाढवासारखे उभे काय राहता? गॅस बंद करा!" मास्तरनं आधी चिठ्ठी लिहिली, मग गॅस बंद केला. तोवर दूध फरशीवर! त्यावर बायको जे बोलली, त्याची आणखी एक चिठ्ठी.

आणि पहिला अर्थ? ओझं वाहणारं जनावर? चिठ्ठी एकही नाही! एवढा शब्द वापरतात लोक, पण ज्याचा आहे त्याच्यासाठी कोणी वापरायला तयार नाही.

नोंद मांडायच्या बैठकीच्या सकाळी तो कोपऱ्यावरच्या बांधकामावर धावला. पाठीवर विटा घेऊन एक गाढव मुकाट उभं होतं. शेजारी त्याचा मालक.

"मामा, याला काय म्हणता?"

"सोन्या."

"पण आहे तर गाढवच ना?"

"राबणाऱ्या जिवाला कोण शिवी देतं हो? गाढव तो आमचा मुकादम!"

म्हणजे पुन्हा दुसराच अर्थ!

परत येतो तर शिपायानं चिठ्ठ्यांचा खोका इमानेइतबारे बैठकीत नेऊन ठेवलेला, आणि मुख्य संपादक मोठ्यानं वाचताहेत, "'उगवलं बघ गाढव, बारा वाजता!' बोलणारी, टंकलेखिका. कोणाबद्दल, मुख्य संपादक."

टंकलेखिका पेन शोधायला टेबलाखाली गेली, ती वर आलीच नाही.

"अकरा चिठ्ठ्या माझ्यावर?"

"सात माझ्यावरही आहेत, साहेब. बायकोच्या. एकही दडवली नाही."

साहेबांनी त्या सातही वाचल्या. दोनदा.

"आणि जनावराची?"

"नाही मिळाली." मास्तरचा आवाज चढला. आता जायचंच आहे तर खरं बोलून जाऊ! "ज्याचं पोट त्याच्यावर चालतं, तो त्याला सोन्या म्हणतो. मूर्खपणा आपण करायचा, शिव्या आपणच एकमेकांना द्यायच्या, आणि नाव त्याचं खराब! वर विटा वाहतं ते वेगळंच."

कोणी हसलं नाही. साहेबांनी कोरी चिठ्ठी ओढली, काहीतरी खरडलं आणि पुढे सरकवली.

'या गाढवाला कायम करा.' बोलणारा, मुख्य संपादक. कोणाबद्दल, चिठ्ठीमास्तर.

आभार मानायला मास्तरनं तोंड उघडलं. पण चार वर्षांची सवय!

"साहेब," तो म्हणाला, "तारीख राहिली."