केसरीनाथशेठ पार्किंग

केसरीनाथला निर्णय घ्यायची सवय नव्हती. घरातले निर्णय बायको कमळ घ्यायची, गोदामातले मालक घ्यायचा आणि उरलेसुरले भिवंडीजवळच्या कोन गावची आक्का, म्हणजे थोरली बहीण, फोनवरून घ्यायची. त्यामुळे एका रविवारी टेमघरच्या फ्लॅटमध्ये पोहे खाता खाता तो म्हणाला, "यंदा मी त्या खाजणाचं काहीतरी करणारच," तेव्हा कमळने कढई घासायची थांबवली आणि एवढंच विचारलं, "परत?"

या 'परत'मागे मोठा इतिहास होता. कोनच्या रस्त्यालगतची सगळी जमीन चुलत्यांच्या वाट्याला गेली होती. तिथे गोदामं उठली आणि चुलतभाऊ एकामागून एक शेठ झाले. हितेशसुद्धा हितेशशेठ झाला. (याच हितेशला केसरीनाथने लहानपणी पोहायला शिकवलं होतं. शिकवताना दोनदा बुडवलंही होतं, पण तो विषय दोघंही काढत नसत.) केसरीनाथच्या वाट्याला आलं खाडीकाठचं आठ गुंठे खाजण. तिथे चिखल, लव्हाळी आणि दोन बगळे यांचा ताबा होता. एकदा गोदामवाले जागा पाहायला आले, त्यातल्या एका साहेबाचा बूट चिखलात गेला, तो निघालाच नाही, आणि मंडळी बूट सोडून परत गेली. बूट अजून तिथेच आहे.

आता केसरीनाथ हितेशच्याच गोदामात सुपरवायझर होता. दिवसभर हमाल हितेशला "शेठ, शेठ" करायचे आणि याला म्हणायचे, "ओ सुपरवायझर, टेम्पो आलाय." घरच्या पत्रिकांत सगळ्या भावांच्या नावाला शेठ जोडलेलं असे, याचंच नाव खाली, बारीक टायपात, उघडंबोडकं. हे त्याला लागायचं. पगाराचं, फ्लॅटचं, गुडघ्याचं काही लागत नव्हतं तेवढं हे लागायचं. मरायच्या आधी एकदा तरी कुणीतरी आपल्याला मनापासून शेठ म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि त्यासाठी हातात भांडवल काय, तर चिखल.

त्याने प्रयत्न कमी केले नव्हते. मत्स्यबीज सोडलं, तर पहिल्याच मोठ्या भरतीबरोबर मासे खाडीत निघून गेले. मग बदकं आणली. बदकं दोन दिवस नीट वागली, तिसऱ्या दिवशी रांगेने चालत शेजारच्या गावात गेली. त्याच आठवड्यात त्या गावातल्या मित्राने मटणाला बोलावलं. केसरीनाथ पोटभर जेवला, "कोंबडीपेक्षा बरं लागतंय" असंही म्हणाला. कशाचं होतं ते त्याला रस्त्यात कळलं.

तर त्या रविवारी कमळचं 'परत?' हवेत असतानाच आक्काचा फोन आला. तिच्या रुचिकाचा साखरपुडा ठरला होता. भटजींनी पौर्णिमा काढून दिली होती, भर दुपारचा मुहूर्त. मुलाकडची माणसं काल्हेरची, मुलाचा बाप काळूरामशेठ.

"सगला झाला रं," आक्का म्हणाली, "पन गाड्या कुठं लावायच्या? हितेशच्या आवारात कंटेनर उभं हायेत. मोठी माणसं ती. गाडीतून उतरताना पाय नीट पडला पायजे."

केसरीनाथच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आक्का, माझी जागा हाय ना!"

आक्का म्हणाली, "त्यो चिखल?"

"वैशाख चाललाय आक्का. सुकून खडखडीत झालाय."

कमळ सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "ठीक आहे. पण हे शेवटचं. हे फसलं तर जागा हितेशभाऊजींना देऊन टाकायची. ते मागतायत ना भंगार टाकायला? आणि परत या घरात खाजण हा शब्द काढायचा नाही."

"मंजूर," केसरीनाथ म्हणाला. (तो आयुष्यात इतक्या ठामपणे फक्त लग्नात बोलला होता, आणि तेही भटजींनी सांगितलं म्हणून.)

अष्टमीला तो जागेवर जाऊन आला. जमीन टणक. चालून पाहिलं, धावून पाहिलं, शेवटी दोन्ही पायांनी उड्या मारल्या. बगळे उडाले, पण जमीन हलली नाही. तरी कसर नको म्हणून त्याने गोदामातले टाकाऊ पुठ्ठे आणून अंथरले. नारपोलीचा त्याचा दोस्त खुर्शीद लूमवाला. त्याने टाकाऊ सुताच्या गोण्या फुकट दिल्या. तेही पसरलं. त्यावर नाकारलेल्या कापडाचा एक लांबच लांब पट्टा, पाहुण्यांनी चालत यायला. कमी खर्चात याहून दिमाखदार काम भिवंडी तालुक्यात झालं नसेल, असं त्याचं मत पडलं.

मग त्याने बोर्ड रंगवून घेतला, 'केसरीनाथशेठ पार्किंग'. पेंटरने "शेठ कोण?" असं विचारलं, तिकडे त्याने दुर्लक्ष केलं. मोबाईलच्या नकाशावरही जागेची याच नावाने नोंद केली आणि स्वतःच पाच तारे देऊन टाकले.

साखरपुड्याच्या दिवशी तो सकाळपासून गळ्यात शिट्टी अडकवून उभा. एकेक पांढरी, उंच, चकचकीत गाडी कोनच्या रस्त्यावरून वळायची आणि हा शिट्टी फुंकत, हातवारे करत ती पुठ्ठ्यावर नेमकी बसवायचा. खुर्शीदची नवीकोरी गाडी त्याने खास मित्र म्हणून अगदी खाडीच्या बाजूला, हवेशीर लावून दिली. सर्वांत शेवटी काळूरामशेठ उतरले. पांढरे कपडे, गळ्यात करंगळीएवढी साखळी. त्यांनी बोर्ड पाहिला, जागा पाहिली, आणि म्हणाले,

"जागा तुमची का शेठ?"

केसरीनाथच्या कानात घंटा वाजल्या. तो म्हणाला, "आं? ऐकू नाही आलं."

"म्हटलं, जागा तुमची का शेठ?"

"हो हो, आपलीच," केसरीनाथ म्हणाला, आणि डोळे भरून आले म्हणून उगाच शिट्टी पुसू लागला.

अंगठ्या झाल्या, पेढे झाले, पंगत बसली. केसरीनाथ भाऊबंदांच्या मधोमध छाती काढून बसला होता. भाताची दुसरी वाढ चालू असताना गाडीतला मोबाईल आणायला गेलेला खुर्शीद मांडवात परतला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"केसरी," तो शांतपणे म्हणाला, "एक बात बता. मेरी गाडी बोट है क्या?"

सगळा मांडव उष्ट्या हातांनी धावला. खाडी आत आली होती. आवाज नाही, लाटा नाही, पाहुण्यासारखी सावकाश. पुठ्ठ्यांचा लगदा झाला होता, कापडाचा पट्टा तरंगत काल्हेरच्या दिशेने निघाला होता आणि गाड्या दारापर्यंत चिखलात बसल्या होत्या. घाबरलेल्या ड्रायव्हरांनी जोर लावला, तसं सगळं सूत चाकांभोवती गुंडाळलं गेलं आणि गाड्या वटपौर्णिमेच्या वडासारख्या दिसू लागल्या.

आक्काने कपाळावर हात मारला. "आज पुनव ना रं! उधान आलंय!"

तिथे जमलेला प्रत्येक जण खाडीकाठी वाढलेला, भरती-ओहोटी बघून होडी काढणाऱ्यांचा नातू. आज पौर्णिमा आहे हे सगळ्यांना कधीपासून पाठ होतं. पण ती मुहूर्ताची पौर्णिमा होती, पाण्यालाही ती लागू पडते, हे गोदामं झाल्यापासून सगळेच विसरले होते.

"आक्का, तुला तरी सांगायला काय झालं होतं?" केसरीनाथ कळवळला.

"मना वाटला तुला म्हायती हाय. खारबांधावर वाढलेला ना तू?"

हितेशचा ट्रॅक्टर आला. त्याने काळूरामशेठची गाडी ओढली, तसा गाडीखालून गोदामवाल्या साहेबाचा बूट वर आला. गाडी मात्र आली नाही. दुसऱ्या झटक्याला ट्रॅक्टरही रुतला.

रुचिका मांडवाच्या खांबाला धरून रडायला लागली. केसरीनाथला त्या क्षणी शेठपण नको, जागा नको, फक्त पोरीचं लग्न मोडू नये असं झालं. तो हात जोडून काळूरामशेठपुढे उभा राहिला. काळूरामशेठ चिखलाकडे टक लावून पाहत होते.

"चिंबोऱ्या हायेत काय रं हितं?" त्यांनी विचारलं.

"हायेत," आक्का म्हणाली. "बक्कल हायेत."

काळूरामशेठनी साखळी काढून बायकोच्या हातात दिली, पांढरी पँट मांड्यांपर्यंत गुंडाळली आणि ते सरळ चिखलात शिरले. मागोमाग त्यांचे भाऊ, मग इकडचे भाऊ. अर्ध्या तासात दोन्हीकडचे सगळे शेठ कमरेपर्यंत काळे होऊन, खेकड्यांच्या मागे ओरडत फिरत होते. संध्याकाळी चिंबोऱ्यांच्या कालवणावर परत पंगत बसली. "असा साखरपुडा झाला न्हाय," असं काळूरामशेठ बोटं चाटत म्हणाले. त्यांनी आभार मानले ते आक्काच्या मसाल्याचे. जागेच्या मालकाची चौकशी कुणी केली नाही.

गाड्या निघायला चार दिवस आणि एक क्रेन लागली.

शब्द दिला होता म्हणून केसरीनाथ सोमवारी गोदामात हितेशसमोर उभा राहिला. "हितेश, जागा घेऊन टाक. भंगार टाकायला."

हितेशने मान हलवली. "नको रे दादा. माझं भंगार रुतेल."

म्हणजे जागा उरलीच. केसरीनाथ घरी आला. कमळ मोबाईल बघत होती. बघता बघता तिला हसू फुटलं.

"अहो, तुमच्या पार्किंगवर कुणीतरी लिहिलंय. एक तारा दिलाय."

"वाच."

"'गाडी अत्यंत सुरक्षित राहते. चोर काय, मालकसुद्धा नेऊ शकत नाही. केसरीनाथशेठ स्वतः जातीने उभे राहून, शिट्टी वाजवून रुतवून देतात.'"

केसरीनाथने उठून पंखा बंद केला.

"आं?" तो म्हणाला. "ऐकू नाही आलं. परत वाच."