कासवाच्या वाढदिवसाचा शिरा

मंदाताई कुणाला वय विचारत नाहीत. सरळ दंड धरतात, खांद्यापासून कोपरापर्यंत चाचपतात आणि आकडा सांगून मोकळ्या होतात. दीक्षितपुऱ्यात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्याच दिवशी त्यांनी मला पाच वर्षांनी म्हातारी केलं. मी अशी तणतणले! सासूबाई तर तेव्हापासून भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं झंपर घालतात.

ताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण समुद्री कासवांचं वेड काही सुटलं नाही. आता जबलपुरात कुठला आलाय समुद्र? तर ओडिशाच्या किनाऱ्यावर मरून वाहत आलेल्या कासवांच्या दंडाची हाडं त्यांची एक जुनी विद्यार्थिनी रीतसर परवानगी काढून पाठवते. ताई त्यांचे पातळ काप करतात, जांभळा रंग चढवतात आणि दुपारभर सूक्ष्मदर्शकातून आतली वलयं मोजत बसतात. झाडाच्या खोडात असतात तशी, वर्षाला एक.

"कशाला एवढा खटाटोप?" मी एकदा विचारलं.

"अगं, मादी कितव्या वर्षी अंडी घालते ते कळलं, तरच तिला किती वर्षं जपायचं ते कळेल ना? काहून हसून राहिली?"

मग मलाच बघायला बसवलं. फिकट जांभळ्या पाण्यावर तरंग उठून तिथंच थांबले होते जणू. गल्लीतले हॉर्न, भाजीवाल्याची हाक, सगळं लांब लांब गेलं. ताई कानाशी सांगत होत्या, "हे रुंद वलय बघ, त्या साली पोरीनं पोटभर खाल्लं. हे बारीक. हाल झाले बिचारीचे."

"मधोमध तर काहीच नाही."

"तिथलं हाड आतून विरत जातं. लहानपणची वर्षं पुसली जातात गं. तिथं नुसता अंदाज."

वय निघालं की ताई शिरा करतात आणि वाटी घेऊन दारात उभ्या. "अठ्ठावीसची निघाली!" मेलेल्या कासवाचा कसला वाढदिवस, म्हटलं तर म्हणतात, "जिवंतपणी कुणी केला काय?" स्वतःच्या वाढदिवसाचं नाव काढलं की मात्र विषय बदलतात.

यंदा एक जुलैला मी पेढे घेऊन गेले. त्यांच्या कॉलेजातल्या एका बाईंनी तारीख सांगितली होती. ताईंनी पेढे बाजूला ठेवले.

"ती शाळेची तारीख. मी नर्मदेकाठी ग्वारीघाटच्या मेळ्यात सापडलेली मुलगी. खमरियाच्या फॅक्टरीतले आमचे बाबा, त्यांनी घरी आणलं. शाळेत मास्तरांनी दात पाहिले अन् सहा वर्षं लिहिली. बाबा म्हणायचे पाच, आई म्हणायची सात. तिघंही गेले. आता कोणाला विचारू?"

ताईंनी पदर सावरला आणि आपला दंड माझ्यापुढे केला.

"तू सांग ना. अंदाजे."

मी दंड धरला. बारीक, उबदार. खांद्यापासून कोपरापर्यंत सावकाश चाचपला. ताई श्वास रोखून बसल्या होत्या, मास्तरांसमोर बसल्या असतील तशा.

"सहाच," मी म्हटलं. "मास्तर बरोबर होते."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी डोळे पुसले. "चलो, मग आज शिरा तू कर."