तेरा बोल्टांचं कव्हर

१९८२च्या नोव्हेंबरात दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीच्या मालकाची गाडी उम्म सलाल मोहम्मदहून परत येताना दगडावर बसली आणि तिच्या गिअरबॉक्सचं खालचं कव्हर तडकलं. गाडी १९६९ची, अमेरिकन, दोन दारांची, आठ सिलिंडरची. तिकडं अशा गाडीला मसल कार म्हणतात. कंपनीचा मेकॅनिक निवृत्ती तासगावकडचा, तो तिला पैलवान म्हणायचा. कव्हर म्हणजे लहान परातीएवढा पत्रा, तेरा बोल्टांनी आवळलेला. निवृत्तीनं गाडीखाली सरकून गळकं तेल पुसलं आणि नव्या कव्हराची मागणी घेऊन तो स्टोअर्समध्ये गेला. इथपर्यंत कोणाचीच चूक नव्हती.

स्टोअर्सचे प्रमुख सदानंद लेले पुण्याचे. त्यांच्या टेबलावरची टाचणीदेखील कुठल्यातरी नोंदवहीत असायची.

"मॉडेलचं साल?" लेल्यांनी विचारलं.

"एकोणसत्तर, सायेब."

लेल्यांनी गाडीचं नोंदणी कार्ड उघडलं. "इथं एकाहत्तर आहे."

"दोह्यात नोंदली एकाहत्तरला. त्याआधी दोन वर्सं ती अमेरिकेत हुती."

"असेल. कार्डावर नाही."

"पर एकाहत्तरच्या कव्हराला भोकं चवदा असत्यात, सायेब. आपल्याला तेरा लागत्यात."

"अहो निवृत्ती, फॉर्ममध्ये भोकांचा रकाना नाही," लेले शांतपणे म्हणाले, आणि एकाहत्तरच्या कव्हरासाठी टेलेक्स गेला.

मालकाला, म्हणजे ज्याला सगळं गॅरेज अरबाब म्हणे त्याला, शुक्रवारी गाडी हवी होती. निवृत्तीनं जुन्या ऑइलच्या ड्रमचा पत्रा कापला, ठोकून त्याला आकार दिला, तेरा भोकं पाडली, कॉर्कचं पॅकिंग घालून कव्हर बसवलं. तेलाचा थेंब गळेना.

"खलास?" अरबाबनं विचारलं.

"खलास, अरबाब."

पण ते खलास झालं नव्हतं. स्टोअर्समधून आलेला भाग बसेपर्यंत दुरुस्तीचं जॉब कार्ड बंद करता येत नाही, असा नियम होता. आणि ज्याच्या नावावर जॉब कार्ड उघडं आहे, त्याला रजा देता येत नाही, असा दुसरा. निवृत्ती तीन वर्षं घरी गेला नव्हता. वैशाखात थोरल्या लेकीचं लग्न होतं, आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात.

जानेवारीत कव्हर आलं. चौदा भोकं. लेल्यांनी पेन्सिलीच्या टोकानं ती दोनदा मोजली.

"ऑर्डरप्रमाणेच आलंय. कव्हर बरोबर आहे."

"पर बसत न्हाई, सायेब."

"बरोबर वस्तू बसत नसेल, तर दोष वस्तूत नसतो." घरातल्या माणसांना आजाराचं नाव सांगताना डॉक्टर जसा आवाज उतरवतो, तसा लेल्यांनी उतरवला. "तुमचा गिअरबॉक्स चुकीचा आहे."

एप्रिलमध्ये एकाहत्तरचा गिअरबॉक्स आला. त्याला कव्हर असं बसलं की निवृत्तीलाही कौतुक वाटलं. मात्र तो गाडीच्या इंजिनाला जुळेना. तेव्हा इंजिन चुकीचं ठरलं, आणि योग्य इंजिनासाठी टेलेक्स गेला. लग्न एक वर्ष पुढं ढकललं. बायकोचं, हौसाबाईचं, शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं पत्र आलं: मुलाकडची माणसं विचारतात, मुलीला बाप आहे ना नक्की? मी काय सांगू?

पत्र खिशात घालून निवृत्ती एका शुक्रवारी अल हिलाल भागातल्या लेल्यांच्या फ्लॅटवर गेला. लेल्यांच्या पत्नी मृणालिनी यांनी त्याच्यापुढं पोह्यांची बशी ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"अहो, गाडी चालतेय ना? मग सोडा की यांना."

"मृणालिनी, गाडी चालतेय हे मला लेखी कळवलेलं नाही."

"मग कळवू दे त्यांना."

"कसं कळवणार? कव्हर बसल्याशिवाय गाडी चालू शकत नाही."

निवृत्ती पोह्यांची बशी बाजूला सारून उठला. लेल्यांनी त्याला दारापर्यंत सोडलं आणि मायेनं म्हणाले, "होईल. इन्शाल्ला."

डिसेंबरात इंजिन आलं. ते गाडीच्या सांगाड्यात मावेना. आता स्टोअर्समध्ये कव्हर, गिअरबॉक्स आणि इंजिन एकमेकांना तंतोतंत जुळून तीन पेट्यांत बसले होते. न जुळणारी उरली होती ती फक्त गाडी. चौकशी समिती नेमली गेली. तिच्या चार बैठका झाल्या, आणि चारही वेळा समितीच्या खिडकीखालून ती गाडी अरबाबला घेऊन गेली. पुढं ढकललेल्या लग्नाला तीन दिवस उरले, तेव्हा लेल्यांनी निवृत्तीला बोलावून निष्कर्ष वाचून दाखवला: 'कंपनीच्या दप्तरी नमूद असलेली गाडी प्रत्यक्षात अस्तित्वात नाही. सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. जॉब कार्ड बंद करावे.'

"मेकॅनिक म्हणून इथं सही करा."

"म्या रोज तिच्याखाली उताणा पडतो, सायेब."

"सही इथं," लेल्यांनी बोट ठेवलं. मग दुसऱ्या हातानं कपाट उघडलं. "पासपोर्ट इथं."

निवृत्ती आयुष्यात माणसांशी थोडंफार खोटं बोलला होता. यंत्राविषयी कधीच नाही. चालतंय ते चालतंय, मोडलंय ते मोडलंय, एवढीच त्याची विद्या. मग त्यानं सही केली आणि ती न वाळवताच कागद सरकवला.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. निवृत्ती आज निघतो आहे हे अरबाबला कुणीतरी सांगितलं होतं. "यल्ला निवृत्ती! एअरपोर्ट!"

लेले निवृत्तीच्या आधी जिना उतरले. गाडीचं दार त्यांनी स्वतः उघडून धरलं.

"ब्यूटिफुल कार, सर."

"सिक्स्टी नाइन मॉडेल," अरबाब अभिमानानं म्हणाला.

"येस सर," लेले क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "सिक्स्टी नाइन."

निवृत्ती हळदीच्या दिवशी घरी पोचला. हौसाबाईनं त्याला थेट मुलाकडच्या माणसांसमोर नेऊन उभं केलं. लग्न लागल्यावर मांडवात त्यानं ही सगळी हकीकत सांगितली. माणसं हसून हसून लोळली. "कागदाचं ऐकून कुणी डोळ्यांदेखतची गाडी न्हाई म्हंतं व्हय? खुळी कंपनी!" असं सगळ्यांचं मत पडलं. हसणाऱ्यांत गावातली सगळी शिकली-सवरलेली मंडळी होती. त्यांतल्या निम्म्यांचा जन्म ऐन थंडीतला आणि दाखल्यावर एक जूनचा, गुरुजींनी शाळेत नाव घालताना सोयीनं लिहिलेला. तीच तारीख सांगून त्यांनी नोकऱ्या धरल्या होत्या आणि तीच तारीख सांगून ते निवृत्त होणार होते.

आपणही हसला असाल. येत्या एक जूनला आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.