खडखड्याचं कुलूप आणि आमची समिती

माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत असेल, तर तिला काय म्हणावं हे त्या गोष्टीवर ठरत नाही. तिच्यामुळे कोणाचा खोळंबा होतो, यावर ठरतं. हे मला आमच्या छत्र्यांच्या कारखान्यातल्या समितीत बसल्यावर कळलं. (मला ज्येष्ठ म्हणून घेतलं होतं. बाकी पात्रता कोणी विचारली नाही, मीही सांगितली नाही.)

प्रश्न गोदामवाल्याचा होता. त्याला सगळे खडखड्या म्हणत. संध्याकाळी गोदामाला कुलूप लावलं की तो ते ओढून बघे, चार पावलं जाई, मागे फिरे आणि पुन्हा ओढे. तोवर कारखान्याची बस दारात गुरगुरत उभी आणि आतली माणसं त्याच्या नावाने खडे फोडत बसलेली. शेवटी तक्रार झाली.

कारखान्याचा नियम फार माणुसकीचा होता. व्यसन असेल तर उपचार आणि पगारी रजा. नुसती सवय असेल तर कायमचं घरी. म्हणजे पिऊन कुलूप उघडं टाकणाऱ्याची नोकरी पक्की होती, शुद्धीवर राहून ते पुन्हा पुन्हा ओढणाऱ्याची धोक्यात.

म्हणून खडखड्याची बायको समितीपुढे आली. "साहेब, ह्यांनी उभ्या जन्मात विडीला हात लावला नाही. पण हात जोडते, ह्यांना व्यसनी ठरवा!"

"अगं, हळू बोल," खडखड्या पुटपुटला. "बाहेर तुझा भाऊ बसलाय."

समितीने सखोल विचार केला. डॉक्टर म्हणाले, "व्यसनात मजा येते. ह्याला कुठे येते?" (एवढं सांगून ते हात धुवायला गेले. सकाळपासून त्यांचं तेच चाललं होतं.) हिशेबनीस म्हणाले, "माझा साडू पितो, त्यालाही येत नाही. रडत रडत पितो." बोलता बोलता त्यांनी खिशात चष्मा आहे ना, हे पुन्हा चाचपून पाहिलं. तो नाकावर होता. माणसाचा आपल्या हातांवर ताबा हवा, असं अध्यक्षांनी पेनाचं टोपण उघडत-मिटत ठामपणे सांगितलं. आम्ही पाहणीही केली. कारखान्यातल्या बाराआणे लोकांना असलं काहीतरी होतं. (उरलेले चाराणे आपल्याला तसलं काही नाही, असं पुन्हा पुन्हा येऊन सांगत होते.)

एकमत होईना, तेव्हा प्रयोग ठरला. खडखड्याने कुलूप लावायचं आणि न ओढता तडक बसमध्ये बसायचं. जमलं तर सवय, नाही जमलं तर व्यसन. "आजच्या कुलपाची जबाबदारी समितीची," अध्यक्ष म्हणाले.

ते ऐकून खडखड्याचा चेहरा एकदम सैल झाला. त्याने कुलूप लावलं, किल्ली अध्यक्षांच्या हातात ठेवली आणि जाऊन खिडकीपाशी बसला. त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. आता नोकरी जाणार होती.

आम्हीही चढलो. बस निघाली. कोपऱ्यावर हिशेबनीस म्हणाले, "लागलं ना नक्की?"

"लागलंच असेल," अध्यक्ष म्हणाले.

"असेल म्हणजे?"

बस वळवली. आधी अध्यक्षांनी कुलूप ओढलं, मग हिशेबनिसांनी, मग डॉक्टरांनी (आणि ते हात धुवायला गेले). मीही ओढलं, ज्येष्ठ असून मागे राहणं बरं दिसलं नसतं. मग अध्यक्षांनी खात्रीसाठी पुन्हा ओढलं, तेव्हा ते कडीसकट त्यांच्या हातात आलं.

निर्णय तिथेच उभ्या उभ्या झाला. एकट्याने केलं तर तो आजार असू शकतो. समितीने केलं तर ती कार्यपद्धती होते. आणि कार्यपद्धती पाळणाऱ्याला घरी कसं बसवणार? खडखड्याची नोकरी वाचली. आता रोज संध्याकाळी तो कुलूप लावतो, समिती ते ओढते, आणि तो खिडकीतून ओरडतो, "आटपा की हो! माणसांना घरदार आहे!" बस पूर्वीपेक्षा उशिरा सुटते. समितीविरुद्ध पहिली तक्रार त्यानेच केली आहे.

आता तुम्ही हे मिटून ठेवाल आणि हसत हसत दाराकडे जाल. कडी लागलेली असेल. तरी ओढून बघाल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरच्यांनी विचारलंच तर सांगा, समितीच्या वतीने ओढली.